बर्फाचे अंगण आणि संस्थेची तिजोरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेसाठी आमचे नाव निश्चित झाले तेव्हा चिटणिसांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हाला दिली होती. आम्ही ‘बर्फावरील हॉकीचा उघड्या मैदानावरील सामना’ हा विषय कळविला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा दूरध्वनी आला आणि निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी विषयाच्या नावात काही चूक राहिलेली नाही ना, अशी त्यांनी अत्यंत सौजन्याने चौकशी केली. चूक राहिलेली नव्हती. संतसाहित्य, नाट्यसंगीत आणि शिवचरित्र ह्या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते ह्या व्यासपीठावरून बोलून गेले आहेत. आम्ही साधे बी. ए. झालेले, केंद्र सरकारच्या सेवेत उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला. तेव्हा जेथे जमा आणि खर्च आहे, तेथेच आमची बुद्धी थोडीफार चालते.

शिवाय ह्या विषयाला एक निकटचे कारणही आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत वास्तुनिधीचा प्रश्न निघाला. छत गळते आहे, ग्रंथालयाच्या भिंतींना ओल आली आहे, आणि वर्गणीतून वर्षाचा खर्च जेमतेम भागतो. त्यावर आपल्या उत्साही तरुण सभासदांनी सूचना मांडली, की सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शहरातील मोठे मैदान भाड्याने घ्यावे, नामवंत कलावंत बोलवावेत आणि एका रात्रीत निधी उभा करावा. ती सूचना ऐकताना आम्हाला दूरदेशीच्या एका संघाची आठवण झाली. त्यांनीही आपले सभागृह सोडून मैदान गाठले होते. त्यांचे काय झाले, ते सांगावे आणि मग निर्णय आपणावर सोपवावा, एवढाच आमचा हेतू.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात. हिरवे मैदान आणि चेंडू दिसतो. कॅनडात केवळ ‘हॉकी’ म्हटले तर ती बर्फावरचीच. २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा बर्फाच्या पटावर, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू वीस मिनिटांची तीन सत्रे खेळतात. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते. तिला पक म्हणतात. आपल्या लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळला जातो, हे आपणांपैकी काहींनी पाहिले असेल. कॅनडातही त्याचे बालपण असेच गोठलेल्या तळ्यांवर आणि परसातल्या अंगणात गेले. वडिलांनी रात्री अंगणात पाणी सोडायचे, सकाळी त्याचा बर्फ झालेला असायचा आणि मुले शाळेपूर्वी त्यावर घसरत असायची, हे तिकडच्या घरोघरचे चित्र आहे.

पुढे खेळ व्यावसायिक झाला आणि छपराखाली गेला. कॅनडा व अमेरिका मिळून चालणारी नॅशनल हॉकी लीग १९१७ साली स्थापन झाली. बंदिस्त क्रीडागारात यंत्राने गोठविलेला बर्फ आला आणि प्रेक्षकांना ऊब मिळाली. मात्र छपराबरोबर एक मर्यादाही आली. आसने मोजकी, तेव्हा तिकिटेही मोजकी. एडमंटन शहरातील ऑयलर्स ह्या संघाच्या क्रीडागारात सुमारे १६,८०० आसने होती. त्यांच्या वाट्यास वर्षाला घरचे ४१ सामने येत. प्रत्येक सामना भरगच्च झाला, तरी उत्पन्नाला ह्या आकड्यांपलीकडे जाता येत नव्हते.

एडमंटन हे अल्बर्टा प्रांतातले, तेलावर आणि शेतीवर जगणारे, कडक थंडीचे शहर. न्यूयॉर्क, डेट्रॉइट ह्यांच्या मानाने लहानच. परंतु ह्या लहान शहराच्या संघाने १९८४, १९८५, १९८७, १९८८ आणि १९९० असा पाच वेळा स्टॅन्ले चषक जिंकला. त्यांतील पहिल्या चार विजयांचा नायक वेन ग्रेट्झ्की. आणि तोच ग्रेट्झ्की ९ ऑगस्ट १९८८ रोजी लॉस एंजेलिसच्या संघाला देण्यात आला. मोबदल्यात काही खेळाडू, पुढील निवडीचे काही हक्क आणि रोख दीड कोटी अमेरिकन डॉलर आले. त्या दिवशी एडमंटनमध्ये लोक घरातले माणूस गेल्यासारखे हळहळले. संस्थेची तिजोरी रिकामी झाली म्हणजे प्रथम घरातला दागिना जातो, हे आपल्याकडेही कोणास सांगावयास नको.

पुढील दशकात अडचण अधिकच वाढली. तिचे मूळ चलनात होते. प्रेक्षक तिकिटाचे पैसे कॅनडाच्या डॉलरमध्ये देत आणि खेळाडूंचे पगार मात्र अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागत. २००२ च्या जानेवारीत कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या सुमारे ६२ सेंटांपर्यंत घसरला. म्हणजे पगाराचा एक अमेरिकन डॉलर चुकता करण्यासाठी आपले सुमारे १ डॉलर ६० सेंट मोजावे लागत. त्यातच पगारांना कमाल मर्यादा नव्हती. धनिक शहरे वाटेल ती बोली लावीत. क्वेबेक शहराचा संघ १९९५ साली डेन्व्हरला गेला, विनिपेगचा १९९६ साली फिनिक्सला. १९९८ साली एडमंटनचा संघही ह्यूस्टनला जाण्याच्या बेतात होता. तेव्हा शहरातील तिसांहून अधिक भागधारकांनी पैसे एकत्र करून, मुदत संपता संपता, तो विकत घेतला आणि गावातच ठेवला. हा प्रसंग वाचताना आम्हाला आपल्या मंडळाच्या पहिल्या आजीव सभासदांची आठवण झाली.

संघ राहिला, पण तूट राहिलीच. तेव्हा संघाच्या चालकांनी विचार केला, की सोळा हजारांचे घर सोडून एक दिवस साठ हजारांच्या अंगणात गेलो तर? ही कल्पना अगदीच निराधार नव्हती. १९९१ च्या सप्टेंबरात लास वेगासला एका हॉटेलच्या वाहनतळावर लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क रेंजर्स ह्यांचा सराव-सामना झाला होता. भर वाळवंटात बर्फ गोठविला गेला, तेरा हजारांवर लोक आले. मात्र दिव्यांच्या उजेडाला भुलून किडे बर्फावर उतरले आणि खेळाडूंना त्यांच्यामधूनच खेळावे लागले. पुढे ६ ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात दोन विद्यापीठांचा सामना फुटबॉलच्या मैदानावर झाला आणि त्याला चौऱ्याहत्तर हजारांवर प्रेक्षक लोटले. विद्यार्थ्यांचा खेळ पाहण्यास इतके लोक येतात, तर व्यावसायिकांचा पाहण्यास का येणार नाहीत?

एडमंटनमध्ये १९७८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले प्रशस्त मैदान होते. त्याच्या मधोमध नळ्या अंथरून, त्यांतून थंड द्रव खेळवून बर्फाचा पट तयार करण्यात आला. प्रतिस्पर्धी म्हणून माँट्रिअल कॅनेडियन्स हा चोवीस वेळा चषक जिंकलेला पुराणपुरुष निवडला. मुख्य सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या माजी खेळाडूंचा सामना ठेवला. ज्येष्ठांच्या सामन्यांपासून दूर राहणारा ग्रेट्झ्की ह्या एका दिवसासाठी आपल्या जुन्या संघाचा पोशाख घालून उतरला. दागिना एक दिवसापुरता का होईना, घरी आला. वर्षभराची तिकिटे घेणाऱ्या नित्याच्या प्रेक्षकांना अग्रहक्क मिळाला. उरलेल्या तिकिटांसाठी अर्जांचा असा पाऊस पडला, की सोडत काढावी लागली.

२२ नोव्हेंबर २००३ चा तो दिवस उजाडला, तेव्हा तपमान शून्याखाली सुमारे १८ अंश होते. वाऱ्यामुळे ते उणे तीसच्या जवळपास भासत होते. तरीही ५७,१६७ माणसे आली. माँट्रिअलचा गोलरक्षक जोसे थिओडोर ह्याने मुखवट्यावर लोकरीची कानटोपी चढविली होती. बर्फ इतका कडक झाला होता, की पात्याखाली त्याचे टवके उडत होते. ज्येष्ठांच्या सामन्यात एडमंटनने २-० असा विजय मिळविला आणि मुख्य सामना माँट्रिअलने ४-३ असा जिंकला.

आमचे मेहुणे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे धाकटे बंधू, त्या वेळी एडमंटनला नोकरीस होते. एका सहकाऱ्याच्या कृपेने त्यांना तिकीट मिळाले. त्या रविवारी त्यांचा दूरध्वनी आला, तेव्हा आम्ही सहज विचारले, “सामना कसा झाला?” ते म्हणाले, “भाऊजी, खरे सांगू? बसण्याच्या जागेपासून बर्फ इतका दूर, की पक एकदाही दिसला नाही. पायांची बोटे अजून बधिर आहेत. पण पुन्हा असे झाले तर पुन्हा जाईन.” दिसले काहीच नाही, थंडीने हाल झाले, पैसे अधिक गेले आणि तरीही माणूस पुन्हा जाण्यास तयार आहे. हिशेबतपासणीच्या नोकरीत असा व्यवहार आमच्या पाहण्यात आला नव्हता. त्या दिवसापासून ह्या विषयाने आमचा पिच्छा पुरविला.

आता हिशेबाकडे वळू. नेहमीच्या तिपटीहून अधिक प्रेक्षक आले, हे जमेच्या बाजूस. त्यापलीकडे पुरस्कर्त्या कंपनीचा पैसा, जुन्या धाटणीच्या खास पोशाखांची विक्री आणि दूरचित्रवाणीचा लाभ. खर्चाच्या बाजूस मैदानाची व्यवस्था, शीतयंत्रे, पट बांधणे आणि मोडणे, कामगार, विमा. शिवाय एक अदृश्य खर्च असा, की हा ४१ पैकीच एक सामना होता. क्रीडागारात तो झाला असता तरी त्याचे ठराविक उत्पन्न मिळालेच असते. म्हणून लाभ मोजताना मैदानावर जमलेल्या रकमेतून आधी ते नेहमीचे उत्पन्न वजा केले पाहिजे. उत्सवाच्या हिशेबात हीच वजाबाकी बहुधा विसरली जाते.

ही वजाबाकी करूनही अशा सामन्यात लाभ दिसतो, ह्याचा पुरावा म्हणजे पुढे घडलेला इतिहास. १ जानेवारी २००८ रोजी बफेलो शहराजवळ, पडत्या हिमात, लीगने स्वतःच नववर्षदिनाचा सामना भरविला आणि ७१,२१७ प्रेक्षक आले. तेव्हापासून ह्या उत्सवाची सूत्रे लीगच्या हाती गेली. १ जानेवारी २०१४ रोजी अ‍ॅन आर्बरच्या प्रचंड मैदानावर डेट्रॉइट आणि टोरांटो ह्यांचा सामना पाहण्यास १,०५,४९१ माणसे बसली होती.

परंतु त्याच हंगामात एक नवा प्रकार सुरू झाला. यश मिळाले म्हणून उघड्यावरचे सामने एकदम सहा करण्यात आले. न्यूयॉर्कच्या एकाच मैदानावर तीन दिवसांच्या अंतराने दोन झाले. व्हँकूव्हरच्या ‘उघड्यावरील’ सामन्याच्या दिवशी पावसाची चिन्हे दिसताच मैदानाचे सरकते छप्पर बंद करण्यात आले. म्हणजे अंगणातला खेळ पुन्हा छपराखालीच झाला, आणि तिकीट मात्र अंगणाचे! दिवाळी वर्षातून एकदा येते म्हणून तिचे फराळाचे ताट गोड लागते. तीच दर महिन्याला आली, तर शंकरपाळीकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही.

निसर्गाचाही हिशेब आहे. आपल्याला वाटते, की बर्फाच्या खेळाला थंडी असली म्हणजे झाले. वस्तुतः त्याचा मोठा शत्रू ऊन. २०२१ च्या फेब्रुवारीत टाहो सरोवराच्या काठी, अत्यंत रम्य स्थळी, प्रेक्षकांविना सामना ठेवला होता. आकाश निरभ्र होते, म्हणजे आपल्या मते दिवस उत्तम. पण उन्हाने बर्फ मऊ पडला आणि पहिल्या सत्रानंतर सामना आठ तास थांबवून रात्री पुरा करावा लागला. उलट १ जानेवारी २०२२ रोजी मिनिॲपोलिसला उणे २१ अंशांच्या थंडीत बर्फ ठिसूळ होऊ नये, म्हणून शीतयंत्रांकडूनच त्याला ऊब द्यावी लागली. उघड्यावर गेलेल्या माणसाने आकाशाला गृहीत धरू नये, हा ह्यातला बोध.

हा बोध आम्ही कॅनडातून आणलेला नाही, हे येथील जुन्या सभासदांना ठाऊक आहे. आम्ही खजिनदार असताना, सभागृह लहान पडते म्हणून, आपण एका नाटकाचा प्रयोग उघड्या मैदानावर ठेवला होता. मंडप, ध्वनिवर्धक, नटमंडळींचे भाडे आणि उतरण्याची सोय, सारा खर्च आगाऊ झाला. देणगीप्रवेशिका हातोहात खपल्या. आणि पहिल्या अंकाच्या मध्यावर अवकाळी पाऊस आला. पावसाचा विमा काढण्याचे कोणास सुचले नाही. ‘कोणास’ म्हणजे आम्हालाच. प्रवेशिकांचे पैसे परत केले आणि ती तूट भरून काढण्यात दोन वर्षांची वर्गणी गेली. त्या दोन वर्षांत ग्रंथालयात एकही नवे पुस्तक आले नाही. ह्याची रुखरुख आम्हाला आजही आहे, आणि ती ह्या व्यासपीठावरून बोलून दाखविणे हे आमचे कर्तव्यच होते.

पुन्हा एडमंटनकडे वळतो. कारण सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यापुढेच आहे. त्या थंड दिवसाने संघाचे चलनाचे, पगाराचे दुखणे बरे झाले का? नाही. अवघ्या दहा महिन्यांनी, १६ सप्टेंबर २००४ रोजी, मालक आणि खेळाडू ह्यांच्या वादात टाळेबंदी झाली आणि लीगचा संपूर्ण हंगाम रद्द झाला. २००५ साली नवा करार होऊन पगारांना कमाल मर्यादा आली आणि उत्पन्नातील काही वाटा सधन संघांनी दुर्बल संघांना देण्याची व्यवस्था ठरली. लहान शहरांना खरा आधार मिळाला तो ह्या रोजच्या शिस्तीचा. २००६ साली एडमंटनचा संघ चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि सातव्या, निर्णायक सामन्यात हरला.

मग तो उघड्यावरचा दिवस व्यर्थ होता काय? आम्ही तसे म्हणणार नाही. त्या दिवशी सत्तावन्न हजार लोकांनी आपल्या संघाला उत्तर दिले, की तुम्ही आम्हाला हवे आहात. पक दिसत नसतानाही ते बसून राहिले. कारण आपल्या वडिलांनी अंगणात पाणी सोडलेले त्यांना दिसत होते. तिकीट सामन्याचे होते. त्यांनी पैसे मोजले ते त्या आठवणीसाठी. ही आठवण भाड्याने आणता येत नाही. ती संघाजवळ आधीपासून साठलेली असावी लागते, आणि पंचवीस वर्षे छपराखाली नियमाने खेळल्यामुळेच ती साठते.

ह्यावरून आमच्या अल्पमतीस जे सुचते, ते थोडक्यात सांगतो. मैदान घ्यावयाचे असेल तर अवश्य घ्यावे. पण पन्नास वर्षांतून एकदा. त्यातून येणारा पैसा छतासाठी आणि भिंतींसाठी, म्हणजे एकदाच करावयाच्या कामासाठी ठेवावा. वर्षाचा चालू खर्च त्यावर टांगू नये. चालू खर्चाचे उत्तर वर्गणीत आणि काटकसरीतच शोधले पाहिजे. पुढल्या रांगेचा मान देणगीदाराआधी त्या सभासदाला द्यावा, जो पन्नास वर्षे कोजागिरीला आणि गणेशोत्सवाला न चुकता आला आहे. बाहेरचे कलावंत यावेत. पण ज्यांनी ह्याच मंडळाच्या रंगमंचावर प्रथम तोंडाला रंग लावला आणि जे आज दूर गावी आहेत, त्यांना आधी बोलवावे. आपले ग्रेट्झ्की तेच. आणि विमा काढावा. हे शेवटचे कलम खजिनदारांनी कृपया लिहून घ्यावे.

एडमंटनच्या लोकांनी तो दिवस पुन्हा कधी भरविला, हे सांगून आम्ही थांबतो. इतरत्र असे सामने होत असताना त्याच मैदानावर पुढचा सामना २९ ऑक्टोबर २०२३ रोजी झाला. मध्ये जवळजवळ वीस वर्षे गेली. पंचावन्न हजारांवर प्रेक्षक आले आणि शेजारच्या कॅलगरीच्या संघावर एडमंटनने ५-२ असा विजय मिळविला. आमच्या मेहुण्यांनी आता तिकडेच संसार थाटला आहे. ह्या वेळी ते आपल्या मुलीला घेऊन गेले होते. आम्ही विचारले, “ह्या वेळी तरी पक दिसला का?” ते म्हणाले, “मला नाही दिसला, भाऊजी. ती म्हणते, तिला दिसला.”

मंडळाच्या शताब्दीच्या वेळी आपल्यापैकी पुष्कळजण नसतील; आम्ही तर खात्रीने नसू. परंतु आज येथे मागल्या रांगेत पेंगत असलेली ही मुले असतील. त्यांना तेव्हा काहीतरी दिसावे, एवढ्यासाठी हे छत आधी दुरुस्त झाले पाहिजे.